समीकरणांची अहवालातील मांडणी

समीकरणांची अहवालातील मांडणी : गणितीय समीकरणे व पदावल्या छापील किंवा टंकलिखित मजकुरात, त्यांच्या अर्थास बाध न येता, बसविण्याचे तंत्र. गद्य मजकूर एकाच ओळीत डावीकडून उजवीकडे वाचला जातो. समीकरण मात्र आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांनी पसरलेले असते. अंश छेदाच्या वर असतो, घातांक मूळ संख्येच्या उजव्या खांद्यावर असतो, तर भेददर्शक अंक अक्षराच्या पायाशी असतो. येथे चिन्ह कोणते यास जितके महत्त्व असते तितकेच ते कोठे आहे यासही असते. त्यामुळे ज्या साधनाने केवळ ओळ लिहिता येते, त्या साधनाने समीकरण लिहिताना अर्थाचा काही भाग गळून पडण्याचा संभव असतो. या तंत्राचा इतिहास म्हणजे मुख्यतः ही गळती थांबविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

महत्त्व : हिंगोली जिल्ह्यातील (स्थापना १ मे १९९९) औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे नियोजित असलेली ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तीत परस्परांशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या दोन भुजांमधून लेसर प्रकाश पाठविला जावयाचा आहे. अशा वेधशाळांनी नोंदलेल्या तरंगांमुळे भुजांच्या लांबीत पडणारा फरक मूळ लांबीच्या १० च्या −२१ व्या घाताइतका, म्हणजे प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाएवढा असतो. अहवालाची प्रत करताना हा घातांक खांद्यावरून ओळीत उतरला, तर ‘१०−२१’ अशी साधी वजाबाकी उरते आणि तिचे उत्तर −११ येते. मूळ राशीशी त्याचा काहीही संबंध राहत नाही.

ही चूक निदान लक्षात येण्याजोगी तरी आहे. काही चुका याहून फसव्या असतात. परस्परांभोवती फिरत जवळ येणाऱ्या दोन खस्थ पदार्थांच्या तरंगांची कंप्रता किती वेगाने वाढेल, हे ज्या राशीवरून ठरते तिला ‘चर्प वस्तुमान’ म्हणतात. दोन्ही वस्तुमानांच्या गुणाकाराच्या तीन-पंचमांश घातास त्यांच्या बेरजेच्या एक-पंचमांश घाताने भागले असता ती मिळते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथमच नोंदल्या गेलेल्या तरंगांच्या बाबतीत ही वस्तुमाने सूर्याच्या सुमारे ३६ पट व २९ पट होती. त्यावरून चर्प वस्तुमान सूर्याच्या सुमारे २८ पट येते. तेच सूत्र कंस न घालता एका ओळीत टंकलिखित केले, तर ‘घात ३/५’ याचा अर्थ ‘घन करून ५ ने भागणे’ आणि ‘घात १/५’ याचा अर्थ ‘पहिला घात घेऊन ५ ने भागणे’ असा होतो व उत्तर सुमारे पावणेदोन कोटी येते. अक्षरे व अंक सर्व तेच असतात. केवळ स्थान बदललेले असते.

इतिहास : स्थानावरून अर्थ दाखविण्याची पद्धत भारतीय गणितात पुरातन आहे. बखशाली हस्तलिखितात अपूर्णांकाचा अंश वर व छेद खाली लिहिलेला असून मध्ये रेघ नाही. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (११५०) अव्यक्त राशीसाठी ‘या’ (यावत्‌तावत्) व ज्ञात संख्येसाठी ‘रू’ (रूप) ही आद्याक्षरे योजिलेली असून समीकरणाच्या दोन बाजू एकीखाली एक मांडण्याची रीत आहे. वरच्या ओळीत ‘या ५ रू ८’ व खालच्या ओळीत ‘या २ रू २०’ असे लिहिले की दोन्ही बाजू समान आहेत, असे समजावयाचे. त्यावरून ‘या’ची किंमत ४ येते. बरोबरीचे चिन्ह येथे नाही. ते काम ओळींचे स्थान करते. हे ज्ञान हस्तलिखितांतूनच पुढे गेले. चाळीसगावजवळील पाटण येथील १२०७ च्या सुमाराच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठास दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. हाताने लिहिणाऱ्यास अक्षर वर किंवा खाली नेण्यास कोणतीच अडचण नसते.

अडचण निर्माण झाली ती मुद्रणामुळे. यूरोपात रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये बरोबरीचे चिन्ह वापरले आणि रने देकार्त यांच्या १६३७ मधील भूमितीवरील ग्रंथात खांद्यावरचे घातांक आजच्या स्वरूपात आले. परंतु सुट्या खिळ्यांच्या जुळणीत प्रत्येक घातांकासाठी लहान आकाराचा खिळा, त्याच्या वरखाली कोऱ्या पट्ट्या आणि अपूर्णांकासाठी वेगळी रेघ बसवावी लागे. असे काम सावकाश होई व महागही पडे. हा खर्च वाचविण्यासाठी जी. जी. स्टोक्स यांनी १८८० मध्ये आपल्या संकलित निबंधांच्या मुद्रणात अपूर्णांकासाठी तिरकी रेघ योजिली. त्यामुळे अपूर्णांक ओळीत बसू लागला. मात्र अंश कोठे संपतो व छेद कोठून सुरू होतो, हे दाखविण्यासाठी कंसांची जोड देणे आवश्यक झाले. एकोणिसाव्या शतकात मराठी पुस्तकांसाठी रूढ झालेल्या शिलामुद्रणात मजकूर हातानेच लिहिला जात असल्याने हा प्रश्न उद्‌भवत नसे. खिळ्यांच्या जुळणीत तो मराठीसही भेडसावू लागला. विसाव्या शतकाच्या मध्यास मोनोटाइप यंत्रावर गणिताची जुळणी करण्याची सुधारित पद्धती निघाली, तरी कुशल जुळाऱ्याची गरज संपली नाही. [⟶ मुद्रण].

संशोधनसंस्थांचे अहवाल मुद्रणालयात न जाता बहुधा टंकलेखन यंत्रावर तयार होत. टंकलेखक रूळ अर्ध्या ओळीने फिरवून घातांक उमटवी आणि ग्रीक अक्षरे व समाकलन चिन्हे यांसाठी जागा सोडी. ती पुढे शाईने भरली जात. १९६१ मध्ये आलेल्या आयबीएम सिलेक्ट्रिक यंत्रात टंकगोल बदलून चिन्हे उमटविण्याची सोय झाली. अशा अहवालांना दुय्यम समजण्याचे कारण नाही. लेसर व्यतिकरणमापकाने गुरुत्वीय तरंग ओळखण्याच्या मार्गातील अडथळ्यांचे राइनर वाइस यांनी केलेले मूलभूत विवेचन कोणत्याही नियतकालिकात नव्हे, तर १९७२ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या एका प्रयोगशाळेच्या त्रैमासिक प्रगती अहवालात प्रसिद्ध झाले. लायगोच्या उभारणीचा पाया त्यातच आहे. वाइस यांना २०१७ मध्ये बॅरी बॅरिश व किप थॉर्न यांच्यासमवेत भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

संगणकयुग : संगणकाकडून समीकरणे जुळवून घेण्याची एक महत्त्वाची भाषा बेल प्रयोगशाळेत ब्रायन कर्निघन व लोरिंडा चेरी यांनी तयार केली (१९७५). स्वतःच्या ग्रंथाच्या सुधारित आवृत्तीची मुद्रिते पाहून असमाधानी झालेल्या डॉनल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये ‘टेक’ या प्रणालीचे काम हाती घेतले. तीवर आधारलेली लेस्ली लॅम्पोर्ट यांची ‘लाटेक’ ही प्रणाली पुढील दशकात प्रचारात आली. या प्रणालींमध्ये लेखक समीकरणाचे चित्र काढीत नाही. ‘याचा अंश हा, छेद हा, घातांक हा’ अशी रचना शब्दांत सांगतो आणि स्थान प्रणाली ठरविते. अर्थ व स्थान यांची मुद्रणात झालेली फारकत येथे मिटली. भौतिकीतील नियतकालिकांसाठी ‘रेव्हटेक’ हे साचे तयार झाले. गुरुत्वीय तरंगांच्या पहिल्या शोधाचा निबंध ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचे लेखक एक हजाराहून अधिक होते. इतक्या जणांच्या हातून जाणाऱ्या लेखनात रचना लिखित स्वरूपात असणे अपरिहार्य ठरते.

कार्यालयांत रूढ झालेल्या वर्ड प्रोसेसरमध्ये हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. १९९० नंतर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये समीकरणे वेगळ्या उपप्रणालीत तयार करून मजकुरात वस्तू म्हणून चिकटविली जात. २००७ च्या आवृत्तीपासून समीकरण हा मजकुराचाच भाग झाला. जुनी उपप्रणाली सुरक्षिततेच्या कारणास्तव जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली. परिणामी तीत तयार झालेली समीकरणे दिसत राहिली, परंतु त्याच साधनाने दुरुस्त करता येईनाशी झाली. समीकरण कसे दिसते एवढेच न जपता त्याची रचना सर्वमान्य स्वरूपात जपणे का आवश्यक आहे, हे यावरून स्पष्ट होते. अशा स्वरूपासाठी ‘मॅथएमएल’ ही खूणभाषा १९९८ मध्ये प्रमाणित झाली.

देवनागरीतील प्रश्न : मराठी अहवालात आणखी काही अडचणी येतात. युनिकोडपूर्व टंकांत अक्षरांचे संकेतांक टंकागणिक भिन्न असत. त्यामुळे टंक बदलताच मजकुरासह समीकरणही विस्कटे. युनिकोडने अक्षरांचा प्रश्न सोडविला. तथापि त्यात रोमन अक्षरांबरोबर वापरावयाच्या आंतरराष्ट्रीय अंकांची खांद्यावरची रूपे स्वतंत्र चिन्हे म्हणून आहेत, तशी देवनागरी अंकांची नाहीत. देवनागरी घातांक केवळ अक्षररचनेच्या सूचनेनेच वर जातो आणि साध्या मजकुरात प्रत करताच खाली उतरतो. वर्डमधील समीकरणांचा ‘केंब्रिया मॅथ’ हा टंक देवनागरी अक्षरे पुरवीत नाही. त्यामुळे समीकरणातील मराठी शब्दांसाठी दुसरा टंक योजावा लागतो. टेकमध्ये देवनागरीची सोय फ्रान्स फेल्टहाइस यांनी १९९१ मध्ये केली व २००४ मध्ये आलेल्या ‘झीटेक’मुळे युनिकोड देवनागरी थेट वापरता येऊ लागली. अव्यक्त राशीसाठी मराठीत पूर्वी ‘क्ष’, ‘य’ ही अक्षरे सर्रास वापरीत. ‘क्ष-किरण’ या शब्दात तो संकेत टिकून आहे. उच्च गणितात मात्र आता रोमन व ग्रीक अक्षरेच प्रायः वापरली जातात. कोणताही संकेत स्वीकारला, तरी एका अहवालात तो आद्यंत एकच असणे महत्त्वाचे असते.

रूढ संकेत : महत्त्वाचे समीकरण स्वतंत्र ओळीत मध्यभागी देतात व त्याचा क्रमांक उजव्या कडेस कंसात लिहितात. मजकुरातील क्रमांकाचे निर्देश हाताने न लिहिता प्रणालीच्या निर्देश-सुविधेने दिल्यास मध्ये नवे समीकरण घातले असताही ते चुकत नाहीत. राशींची अक्षरे तिरप्या व एककांची अक्षरे उभ्या टंकात ठेवतात आणि संख्या व एकक यांत न तुटणारे अंतर सोडतात. लांब समीकरण क्रियाचिन्हापूर्वी तोडतात. एकाखाली एक येणाऱ्या पायऱ्या बरोबरीच्या चिन्हाशी जुळवितात. समीकरणानंतर ‘येथे’ अशी सुरुवात करून प्रत्येक नव्या चिन्हाचा अर्थ व एकक सांगतात. समीकरणाचे चित्र चिकटविणे टाळतात, कारण ते शोधता, दुरुस्त करता किंवा अंध वाचकास वाचनयंत्राद्वारे ऐकता येत नाही.

लायगोच्या दस्तऐवज नियंत्रण केंद्रात प्रत्येक अहवालास क्रमांक व आवृत्तिदर्शक खूण दिली जाते. भारतातील वेधशाळेचा ‘इंडिगो’ या गटाने केलेला २०११ मधील प्रस्ताव तेथे ‘एम ११००२९६’ या क्रमांकाने नोंदलेला आहे. या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः संमती फेब्रुवारी २०१६ मध्ये व सुमारे २,६०० कोटी रुपये खर्चाची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली. त्यात पुणे, इंदूर, गांधीनगर व मुंबई येथील संस्था सहभागी असून त्यांचे अहवाल भौतिकीविज्ञ, अभियंते व प्रशासक अशा भिन्न वर्गांत फिरतात. एक वर्ग लाटेक वापरतो, तर दुसरा वर्ड वापरतो. म्हणून एका प्रणालीतून दुसरीत गेलेला अहवाल स्वीकारण्यापूर्वी त्यातील प्रत्येक घातांक, भेददर्शक अंक, ऋण चिन्ह व कंस मूळ प्रतीशी ताडून पाहणे, हाच शेवटी खात्रीचा उपाय ठरतो.