बेतवेचे पाणी आणि महासागरातील खोल प्रवाह

झाशी : झाशीजवळून वाहणारी बेतवा हमीरपूर येथे यमुनेला मिळते, यमुना प्रयागराज येथे गंगेला मिळते. बुंदेलखंडातील पावसाचे पाणी असे अखेर बंगालच्या उपसागरात पोहोचते. तेथून पुढे त्याची वाट सागरी प्रवाह आणि भोवरे ठरवतात.

नद्यांचे गोडे पाणी हलके असल्याने उपसागराच्या पृष्ठभागावर त्याचा थर तयार होतो. हा थर खालच्या थंड, खाऱ्या पाण्याला सहजासहजी वर येऊ देत नाही. मोसमी पावसाच्या काळात पृष्ठभागाचे तापमान २८ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून अधिक राहण्यास त्यामुळे मदत होते. कमी दाबाचे पट्टे निर्माण होण्यास अशी उष्णता पोषक असते. हे पट्टे वायव्येकडे सरकले, की बुंदेलखंडात पाऊस पडतो. त्यांची वाट बदलल्यास या अवर्षणप्रवण प्रदेशाला झळ बसते.

पावसाळ्यानंतर भारताच्या पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वळतो आणि गोड्या पाण्याचा काही भाग श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्राकडे नेतो. उलट, पावसाळ्यात अरबी समुद्राचे अधिक खारे पाणी श्रीलंकेच्या दक्षिणेकडून उपसागरात येते आणि हलक्या थराखाली शिरते.

या प्रवाहांतून शंभर ते काहीशे किलोमीटर व्यासाचे भोवरे सुटतात. उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारे भोवरे खालचे थंड, पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर आणतात. घड्याळाच्या दिशेने फिरणारे भोवरे उबदार पाणी खाली दाबतात; अशा भोवऱ्यावरून जाणारे चक्रीवादळ अधिक तीव्र होऊ शकते.

तळाची गती याहून वेगळी आहे. हिंदी महासागर उत्तरेला आशिया खंडाने बंद असल्याने तेथे ध्रुवीय थंड पाणी तयार होत नाही. तळाचे पाणी अंटार्क्टिकाच्या दिशेकडून उत्तरेकडे येते, संथपणे वरच्या पाण्यात मिसळते आणि परतते. या फेऱ्यास शतके लागतात.

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आर्गो या जागतिक प्रकल्पात सहभागी आहे. त्यातील स्वयंचलित उपकरणे सुमारे १००० मीटर खोलीवर वाहत राहतात आणि साधारण दर १० दिवसांनी २००० मीटरपासून पृष्ठभागापर्यंतचे तापमान व क्षारता मोजून उपग्रहाद्वारे कळवतात. मोसमी पावसाच्या अंदाजासाठी समुद्राची ही नोंद मोलाची ठरते.