ग्रहांची गती आणि ईश्वराचे गृहीतक

ईश्वर आहे की नाही, या प्रश्नाचा निकाल एका सायंकाळी लावून देण्याची प्रतिज्ञा कोणी शहाणा माणूस करणार नाही. आज विचार करायचा आहे तो त्याच्या शेजारच्या एका प्रश्नाचा. ‘ईश्वर आहे’ हे विधान शास्त्रातले गृहीतक होऊ शकते काय? गृहीतक म्हणजे नुसती समजूत नव्हे. घडलेल्या गोष्टींची संगती लावण्यासाठी शास्त्रज्ञ एखादी कल्पना तात्पुरती खरी धरतो, ती खरी असेल तर पुढे काय आढळले पाहिजे ते काढतो, आणि तसे आढळले नाही तर कितीही आवडती असली तरी ती टाकून देतो. ही जी टाकून देण्याची तयारी, तीच गृहीतकाची खरी ओळख होय.

या प्रश्नाचा केवळ तर्काने काथ्याकूट करण्यापेक्षा इतिहासाला साक्षीस बोलावणे अधिक बरे. कारण युरोपात एक काळ असा होऊन गेला की, त्या वेळी ईश्वराला खगोलशास्त्रात खरोखरीचे काम नेमून दिलेले होते. ते काम कोणी दिले आणि कोणी काढून घेतले, हे पाहिले म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

लाप्लास आणि नेपोलियन यांची आख्यायिका आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. ग्रहगतींवरच्या एवढ्या मोठ्या ग्रंथात विश्वकर्त्याचे नाव कसे नाही, असे नेपोलियनने विचारले. आणि त्या गृहीतकाची आपल्याला गरज पडली नाही, असे उत्तर लाप्लासने दिले, अशी ती गोष्ट. ती शब्दशः घडली असे मात्र धरून चालू नये. ज्याने युरेनसचा शोध लावला तो विल्यम हर्शेल ८ ऑगस्ट १८०२ रोजी माल्मेझाँच्या वाड्यात या दोघांबरोबर होता, आणि त्याने त्या भेटीची नोंद आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे. हे सारे कोणी निर्माण केले, असे नेपोलियन उद्गारला. विश्वाची रचना आणि तिचे रक्षण यांचा उलगडा नैसर्गिक कारणांच्या साखळीने होतो, असे लाप्लास दाखवू पाहत होता. आणि नेपोलियनला ते पटत नव्हते, एवढे त्या नोंदीवरून कळते. ते सुप्रसिद्ध खटकेबाज उत्तर तीत नाही. पण वादाचा विषय तोच होता, यात संशय नाही. तेव्हा लाप्लासला नको असलेले गृहीतक होते तरी कोणते?

त्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. १६८७ साली न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध झाला. भरती-ओहोटी, चंद्राची गती, धूमकेतूंचे मार्ग या सर्वांना एकाच गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने बांधणारा हा ग्रंथ. आजच्या वाचकाला वाटेल की, येथेच ईश्वर शास्त्राबाहेर पडला असेल. घडले ते नेमके उलट. रॉबर्ट बॉइल हा रसायनज्ञ १६९१ साली वारला. त्याने मृत्युपत्रात दरसाल ५० पौंडांची तरतूद करून नास्तिकांच्या खंडनासाठी एक व्याख्यानमाला लावून दिली. लंडनच्या चर्चमध्ये नागरिकांपुढे होणारी ही प्रवचने एका अर्थी आपल्या व्याख्यानमालांची थोरली बहीणच म्हणायची! १६९२ सालचा पहिला वक्ता रिचर्ड बेंटली हा तिशीतला विद्वान होता. आपली प्रवचने छापण्यापूर्वी त्याने न्यूटनलाच शंका विचारल्या, आणि न्यूटनने त्याला चार पत्रे लिहिली. विचारी माणसांची श्रद्धा दृढ व्हावी हे ग्रंथ लिहिताना आपल्या मनात होते आणि त्या कामी त्याचा उपयोग झाल्याचा आपल्याला आनंद आहे, असे त्याने कळवले.

न्यूटनचे म्हणणे मुख्यतः दोन मुद्द्यांवर उभे होते. पहिला मुद्दा असा की, धूमकेतू वाटेल त्या दिशेने येतात आणि जातात. सगळे ग्रह मात्र एकाच दिशेने, जवळजवळ एकाच पातळीत आणि जवळजवळ वर्तुळाकार कक्षांत फिरतात. ही शिस्त आंधळ्या कारणांतून आलेली नाही, ती लावून देणारा कोणी बुद्धिमान कर्ता असला पाहिजे. दुसरा मुद्दा त्याने ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांत मांडला. ग्रह आणि धूमकेतू एकमेकांनाही ओढतात, त्यामुळे ग्रहांच्या गतीत बारीकसारीक बिघाड होतात. ते साठत जाऊन एक दिवस ही सारी रचना दुरुस्त करावी लागेल. दुरुस्ती कोण करणार, हे निराळे सांगायची गरज नव्हती.

येथे एक गंमत आहे. १७१३ च्या ‘प्रिन्सिपिया’च्या दुसऱ्या आवृत्तीला न्यूटनने जे परिशिष्ट जोडले, त्यात त्याने ईश्वराचे विस्तृत विवेचन केले आहे, आणि मी गृहीतके रचत नाही, हा त्याचा प्रसिद्ध बाणाही त्याच परिशिष्टात आहे. त्याच्या दृष्टीने ईश्वर हे गृहीतक नव्हतेच; दृश्य सृष्टीवरून निघालेला तो निष्कर्ष होता.

या निष्कर्षावर पहिला घाव घातला तो नास्तिकाने नव्हे. लायब्निट्झ हा जर्मन तत्त्वज्ञ पक्का आस्तिक. १७१५ साली त्याने टोमणा मारला की, न्यूटनच्या ईश्वराला आपले घड्याळ मधून मधून किल्ली देऊन दुरुस्त करावे लागते. म्हणजे तो कच्चा कारागीर ठरतो. न्यूटनच्या बाजूने सॅम्युएल क्लार्क या धर्मोपदेशकाने उत्तर दिले की, ईश्वराच्या हाताशिवाय आपोआप चालणारे घड्याळ ही कल्पनाच ईश्वराला जगाबाहेर घालवणारी आहे. लायब्निट्झ १७१६ साली वारला तेव्हा वाद तुटला, मिटला नाही. आज मागे वळून पाहता दोघांचीही भीती खरी ठरलेली दिसते.

दरम्यान आकाशात एक कोडे उभेच होते. प्राचीन वेध आणि नवे वेध ताडून पाहता गुरूची गती हळूहळू वाढत आहे आणि शनीची कमी होत आहे, असे हॅलेला आढळले होते. हे असेच चालले तर गुरू सूर्याकडे सरकत जाईल आणि शनी दूर दूर जाईल. न्यूटन म्हणत होता तो बिघाड जणू डोळ्यांसमोर दिसत होता. ऑयलर आणि लाग्रांज यांच्यासारख्या गणितींनी त्यावर शक्ती खर्च केली, पण कोडे सुटले नाही. १७८५ साली लाप्लासने ते सोडवले.

गुरूची सूर्याभोवती एक फेरी ११.८६ वर्षांत होते, शनीची २९.४६ वर्षांत. म्हणजे गुरूच्या पाच फेऱ्यांना सुमारे ५९.३ वर्षे लागतात आणि शनीच्या दोन फेऱ्यांना सुमारे ५८.९. हा मेळ जवळजवळ बसतो, म्हणून दोघांच्या गाठी पुन्हा पुन्हा त्याच त्याच जागांच्या आसपास पडतात, आणि एकमेकांना दिलेले लहान हिसके साठत जातात. पण मेळ पुरता बसत नाही, म्हणून गाठीची जागा हळूहळू सरकते आणि साठलेला परिणाम उलट फिरू लागतो. या एका आवर्तनाला सुमारे ९०० वर्षे लागतात. ज्याला लोक बिघाड समजत होते तो नऊशे वर्षांचा एक झोका निघाला! पुढे १७९६ साली लाप्लासने अशीही कल्पना मांडली की, फिरणाऱ्या तप्त वायूच्या एका मेघातून सूर्य आणि ग्रह घडले असावेत; तसे असेल तर ग्रहांची एकच दिशा आपोआप समजते. न्यूटनच्या दोन्ही मुद्द्यांचा आधार असा निघून गेला.

मग गृहीतकाची परीक्षा होऊन ते नापास झाले, असे म्हणावे काय? थोडे थांबून दुसरी दोन गृहीतके पाहू. युरेनस गणिताप्रमाणे चालेना, तेव्हा त्याच्यापलीकडे कोणी अज्ञात ग्रह असावा असे ल व्हेरिएने धरले आणि त्याची आकाशातली जागा वर्तवली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. त्याच ल व्हेरिएने बुधाच्या गतीतील फरकासाठी १८५९ साली सूर्याजवळ आणखी एक ग्रह कल्पिला. त्याला ‘व्हल्कन’ हे नावही मिळाले, पण तो काही सापडला नाही. आणि १९१५ साली आइन्स्टाइनने तो फरक निराळ्या रीतीने समजावून दिल्यावर त्याची गरजही उरली नाही. एक गृहीतक तरले, एक बुडाले; पण दोन्ही पाण्यात उतरली होती. न्यूटनच्या दुरुस्तीची गोष्ट तशी नाही. ती कधी होणार, किती होणार आणि झाली तर ओळखायची कशावरून, हे तिच्यात कुठेच नव्हते. निसर्गनियम येथे अपुरे पडतील, एवढेच तिचे तपासता येण्याजोगे अंग होते.

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. लाप्लासची स्थैर्याची सिद्धता अंदाजी गणितावर आधारलेली होती, ती कायमची नव्हती. १८९० साली प्वाँकारेने दाखवले की, तीन गोलांच्या गतीतसुद्धा कल्पनेपलीकडची गुंतागुंत दडलेली असते. १९८९ साली जाक लास्कार याने गणकयंत्राच्या साहाय्याने आतल्या ग्रहांच्या गती दीर्घकाळाच्या हिशेबात अनिश्चित ठरतात असे दाखवले. आणि २००९ च्या त्याच्या गणितानुसार पुढील पाच अब्ज वर्षांत बुधाची कक्षा फार लांबट होऊन टकरीचा धोका उद्भवण्याचा संभव शेकडा एक इतका आहे. म्हणजे न्यूटनची चिंता अगदीच अनाठायी नव्हती. तरीही कोणी खगोलशास्त्रज्ञ दुरुस्ती करणाऱ्या ईश्वराकडे परत गेला नाही. असे का व्हावे? ‘ईश्वर दुरुस्त करील’ या उत्तरावर जर ऑयलर, लाग्रांज आणि लाप्लास स्वस्थ बसले असते, तर तो नऊशे वर्षांचा झोका कधीच सापडला नसता. शास्त्राला ते उत्तर खोटे ठरले म्हणून सोडावे लागले असे नाही. त्याच्यापुढे विचारण्यासारखे काही उरत नव्हते, म्हणून ते सुटले.

ईश्वराला अनुमानाच्या कसोटीवर घासण्याचा हा उद्योग केवळ पाश्चात्त्यांचा नव्हे. घट दिसला की कुंभार मानावा लागतो, तसे जग हे कार्य दिसते म्हणून त्याचा कर्ता मानला पाहिजे, हे आपल्या नैयायिकांचे अनुमान. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त त्याची भक्कम उभारणी केली. मीमांसकांनी मात्र वेद प्रमाण मानूनही जगाचा कर्ता नाकारला. अनुमान मांडले की प्रतिपक्षाला ते तपासण्याचा अधिकार मिळतो, हा नियम दोन्ही पक्षांना मान्य होता. वारकरी पंढरीची वाट चालतो ती असे अनुमान पटले म्हणून नव्हे. त्यामुळे अनुमान ढासळले तरी त्याची वाट अडत नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर बोलणाऱ्याच्या दाव्यावर अवलंबून आहे, असे मला वाटते. ईश्वर किंवा त्याचा कोणी प्रतिनिधी जगात अमुक एक गोष्ट घडवतो, अंगाऱ्याने रोग बरा करतो, यज्ञाने पाऊस पाडतो, असे जो म्हणेल त्याने गृहीतकच मांडले आहे. त्याने परीक्षेला बसले पाहिजे. आणि नापास झाल्यावर ‘हा श्रद्धेचा विषय आहे’ असे म्हणून मंडपाबाहेर पडण्याची मुभा त्याला नाही. उलट, ज्याची श्रद्धा घटनांबद्दल कोणताच दावा करत नाही, त्याचे खंडन करण्याची सामग्री शास्त्राजवळ नाही, आणि मंडन करण्याचीही नाही. शास्त्राने ईश्वर नाही असे सिद्ध केले, असे सांगणाराही लाप्लासच्या पुढे धावतो. लाप्लासच्या नावावर चालत आलेले वाक्यदेखील फक्त गरज नसल्याचेच सांगते.

न्यूटनचे मोठेपण या इतिहासाने कमी होत नाही. आपला ईश्वर त्याने ग्रहांच्या हिशेबात आणून उभा केला, म्हणूनच तो हिशेब पुढच्यांना तपासता आला. आज शास्त्राच्या नावाने देवाच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना एवढेच विचारावे की, तुमचे म्हणणे चुकीचे असेल तर ते आम्हाला कशावरून कळेल? या प्रश्नाला जो सरळ उत्तर देईल, त्याच्याशी शास्त्राची चर्चा करता येते.