एकच पाया, अनेक नावे

वस्तूंचा इतिहास आपण बहुधा त्यांच्या नावारूपावरून लिहितो. मोटारगाडीच्या बाबतीत ही रीत किती फसवी ठरते, हे फोक्सवॅगन समूहाच्या एका सामाईक सांगाड्याच्या कहाणीतून ध्यानात येते.

१९९३ साली फर्डिनांड पिएच यांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा हा समूह तोट्यात होता. फोक्सवॅगन, आउडी, सेआत आणि स्कोडा या चारही नावांच्या गाड्यांत डोळ्यांना दिसणारे ते निराळे ठेवायचे आणि न दिसणारे, म्हणजे तळाचा सांगाडा, चाकांची जोडणी, इंजिनाची बैठक, शक्यतो एकच ठेवायचे, हे त्यांचे धोरण होते. १९९६ साली आउडी ए-थ्री आणि स्कोडा ऑक्टाविया, १९९७ साली चौथ्या पिढीची गोल्फ, पाठोपाठ न्यू बीटल, आउडी टीटी आणि १९९९ साली सेआत लेऑन, असे हे एकाच पायावरचे कुटुंब वाढले.

आता यांतील वारस कोण? न्यू बीटल दिसते जुन्या बीटलसारखी. पण जुनीचे इंजिन मागे आणि हवेने थंड होणारे, नवीचे पुढे आणि पाण्याने थंड होणारे. तिथे स्मृती केवळ पत्र्यावर उरली आहे. ऑक्टावियाचा सांगाडा उसना. पण तिचे नाव १९५९ सालच्या स्कोडाचे आणि ती घडली म्लादा बोलेस्लाव येथे, जिथे लॉरिन आणि क्लेमेंट यांनी १८९५ साली सायकलींपासून आरंभ केला होता. परंपरा कारागिरांच्या हातात असते असे मानले, तर खरी वारस हीच.

अभंगाचा छंद नामदेवांचा आणि तुकारामांचाही. म्हणून तुकोबांवर कोणी उसनवारीचा आरोप करीत नाही. ही तुलना मोहक असली तरी अपुरी आहे. छंदावर कोणाची मालकी नसते. सांगाड्यावर असते, आणि १९९१ साली फोक्सवॅगन समूहाशी जोडल्या गेलेल्या स्कोडाला तो मोठ्या घराच्या संमतीनेच मिळाला.

तरीही पाया सर्वस्व ठरवीत नाही. अतिवेगातील अपघातांनंतर आउडीला टीटीच्या मागील बाजूस वाऱ्याचा दाब साधणारी पट्टी बसवावी लागली. त्याच पायावरच्या गोल्फला तशी गरज पडली नाही. बाह्य रूप म्हणजे निव्वळ वेष नव्हे.

२००१ साली औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात (शहराचे आजचे नाव छत्रपती संभाजीनगर) ऑक्टावियाची जुळणी सुरू झाली. फोक्सवॅगनच्या गाड्या या देशात येण्यापूर्वीच गोल्फचा पाया असा चेक नावाने मराठवाड्यात पोहोचला होता. नावांपुरताच इतिहास लिहिणाऱ्याला तो दिसणार नाही.