सह्याद्री : घाटवाटा आणि लेणी

संसारास विटलेल्या भिक्खूंनी एकांतासाठी सह्याद्रीच्या दुर्गम कड्यांत लेणी कोरविली, असा समज रूढ आहे. या पर्वताची रचना पाहता तो आम्हांस अपुरा वाटतो.

महाराष्ट्रातील सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांतून घडला. त्याच्या पश्चिमेस तुटलेले कडे आणि खाली कोकण, तर पूर्वेस उतरत जाणारे पठार आहे. बंदरांतून पठारावर येणाऱ्या व्यापाऱ्यांस मोजकेच घाट उपलब्ध होते, आणि महत्त्वाची लेणी त्या घाटांलगतच आढळतात. कल्याणहून नाणेघाट चढून आल्यावर जुन्नर लागते; त्याच्या परिसरात दोनशेहून अधिक लेणी आहेत. बोरघाटाच्या वर कार्ले, भाजे व बेडसे, तर खाली उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे आहे. थळघाटाच्या वाटेवर नाशिकची त्रिरश्मी लेणी आहेत. भिक्खूंस जगापासून दूर जावयाचे असते, तर त्यांनी रहदारीचे हे मार्ग टाळले असते.

पावसाळ्यात घाट बिकट होत. वर्षावासाच्या तीन महिन्यांत संघास कातळात निवारा मिळे आणि कोरलेल्या पोढींत पाणी साठे. हा निवारा उभा राहिला तो उपासकांच्या दानातून. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त, तेथीलच सुतार सामी आणि स्तंभांचे दान करणारे यवन भेटतात. नाशिक येथील लेखानुसार नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यांपैकी २,००० कार्षापणांवरील दरमहा शेकडा एक व्याजातून वर्षावासातील २० भिक्खूंच्या चीवरांची तरतूद केलेली होती. संघ, व्यापारी आणि कारागीर यांचे नाते या पर्वताने असे जोडले.

पुढे ब्राह्मी वाचणारे उरले नाहीत. दात्यांची नावे विस्मृतीत गेली आणि नाशिकच्या लेण्यांस 'पांडवलेणी' हे नाव जडले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केल्यानंतर हे लेख पुन्हा बोलके झाले. गौतमी बलश्रीच्या नाशिक येथील लेखात 'सह्य' हे पर्वतनाम येते. त्या लेखांतील प्राकृत 'लेण' हा शब्द तर लोकांच्या जिभेवर अखंड राहिला. आपण आजही 'लेणे' असेच म्हणतो.

२०१२ साली पश्चिम घाटाची जैवविविधतेसाठी जागतिक वारसा म्हणून नोंद झाली. त्याच डोंगरांतील हा अक्षरवारसा मात्र पावसाने झिजतो आहे. कार्ल्यास जाणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर आपले नाव कोरण्याऐवजी तेथील सुताराचे नाव वाचावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.