माणिकनगरचा दरबार

उत्सव जवळ आला की ‘यंदा कोण गाणार?’ हा प्रश्न प्रथम विचारला जातो. पुण्यात १९५३ साली सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरील गावांना या प्रश्नाची सवय होती. मंठाळ, कल्याण, हुमनाबाद हा सारा मुलूख काळ्या जमिनीचा, ज्वारी-तुरीचा. मार्गशीर्ष लागला आणि तुरीला शेंगा धरल्या, म्हणजे येथील माणसाचे अर्धे लक्ष शेतात आणि अर्धे माणिकनगरच्या दत्तजयंतीकडे लागावयाचे. देवदर्शनाची ओढ तर असेच. पण कोणता गवई येणार, कव्वाल कोठले, कीर्तनाला कोण उभे राहणार, हेही तितक्याच आतुरतेने विचारले जाई.

ही आतुरता आभाळातून पडलेली नव्हे. या मातीत गाण्याचे वेड फार जुने आहे. मंठाळ ज्या तालुक्यात मोडते, त्याचे मुख्य ठाणे कल्याण ही एके काळी चालुक्यांची राजधानी होती. तेथे ११२६ ते ११३८ पर्यंत राज्य केलेल्या तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचला. मांडे कसे करावेत येथपासून हत्ती कसा पारखावा येथपर्यंत राजाला जे जे कळावयास हवे, ते ते त्यात आले आहे; आणि त्याच ओघात गीत, वाद्य व नृत्य यांचा विस्ताराने विचार केला आहे. त्याचा पुत्र जगदेकमल्ल यानेही ‘संगीतचूडामणि’ हा ग्रंथ लिहिला. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने पूर्वाचार्यांची नामावळी दिली, तीत या पितापुत्रांची आदराने गणना केली. राजाने शास्त्रकार व्हावे आणि शास्त्रकारांनी त्याला आपल्या पंक्तीस बसवावे, असा योग इतिहासात वारंवार येत नाही.

पण मराठी वाचकाने ‘मानसोल्लासा’तील एका लहानशा उल्लेखापाशी क्षणभर थांबले पाहिजे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असे सोमेश्वराने नमूद केले आहे. कल्याणच्या सिंहासनावर बसलेल्या राजाच्या कानी उखळापाशी चाललेले गाणे पडले आणि ग्रंथात नोंदण्याइतके ते त्याला मोलाचे वाटले! ग्रंथकाराचे नाव राहिले. ओवी गाणाऱ्या एकीचेही राहिले नाही.

चालुक्य गेले, तरी गाणे राहिले. बाराव्या शतकात याच कल्याणात बसवेश्वरांच्या भोवती शिवशरण जमले आणि त्यांची कन्नड वचने पुढे घरोघर गाइली जाऊ लागली. बहमनी काळात गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, ख्वाजा बंदेनवाज यांचे वास्तव्य झाले. १४२२ साली ते निवर्तले. त्यांच्या उरुसात कव्वालीला मान आहे. बिदरजवळ अष्टूर येथे सुलतान अहमदशहाची कबर आहे. त्याच्या उरुसात लिंगायत जंगमाला मानाचे स्थान असते. मोहरमात गाइली जाणारी रिवायतीची कन्नड पदे तर हिंदू आणि मुसलमान दोघेही म्हणतात. अशा मुलखात गवयाला त्याची भाषा किंवा जात कोण विचारणार?

या परंपरेला एका ठिकाणी गोळा करण्याचे काम माणिकप्रभूंनी केले. १८१७ साली दत्तजयंतीच्या दिवशी कल्याणजवळच्या लाडवंती गावी त्यांचा जन्म झाला. पुढे १८४५ च्या सुमारास हुमनाबादेपासून जवळच त्यांनी माणिकनगर वसविले आणि १८६५ साली मार्गशीर्ष शुद्ध एकादशीस तेथेच समाधी घेतली. सर्व मतांचा आदर करणारा त्यांचा संप्रदाय ‘सकलमत’ या नावाने ओळखला जातो. हे नाव केवळ शोभेचे नव्हते. त्यांना कोणी दत्तावतार मानीत, लिंगायत भक्त त्यांच्यात बसवेश्वर पाहत आणि मुसलमान भक्तांना ते आपल्याच एखाद्या अवलियासारखे वाटत. त्यांच्या पदांकडे पाहिले म्हणजे याचा उलगडा होतो. ती मराठीत आहेत, हिंदुस्थानीत आहेत, कन्नडात आहेत, संस्कृतातही आहेत. आणि ती रागतालात बांधलेली, म्हणजे गाण्यासाठीच रचलेली आहेत. उपदेश करावयाचा तर गद्य पुरले असते. प्रभूंना माणसे एकत्र बसवावयाची होती, आणि त्यासाठी गाण्याइतके सोपे साधन दुसरे नाही.

त्यांच्या पश्चात गादीवर आलेल्या मनोहर आणि मार्तंड या प्रभूंनी ही रीत मोडू दिली नाही. १८७७ पासून १९३६ पर्यंत गादी सांभाळणारे मार्तंडप्रभू स्वतः पदरचना करीत. दत्तजयंतीच्या उत्सवातील दरबार हा तर या साऱ्याचा कळस. पीठाधिपती गादीवर विराजमान होतात आणि रात्रभर गवई, वादक, भजनकरी व कव्वाल यांची सेवा त्यांच्यासमोर रुजू होते. ‘सेवा’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. गवयाने बिदागीसाठी गावे यात गैर काहीच नाही, त्यालाही पोट आहे. परंतु जेथे गाणे देवाला वाहिले जाते, तेथे मोठा गवई आणि खेड्यातला भजनकरी यांच्यातील अंतर निदान त्या रात्रीपुरते कमी होते.

याच प्रकारचा थाट मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यातही आढळतो. तेथील उरुसात अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात. खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर हे कन्नड मुलखातले. मराठी रंगभूमीने त्यांना ‘सवाई गंधर्व’ केले, आणि त्यांचे शिष्य गदगचे भीमसेन जोशी यांनी त्यांच्या नावाचा महोत्सव पुण्यात नावारूपास आणला. गाण्याला भाषेची शीव अडवीत नाही, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

मात्र राज्यांची शीव आखली जातेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. कल्याण, हुमनाबाद, भालकी म्हैसूर राज्यात राहिले. शाळांची भाषा बदलली, कचेरीतले कागद बदलले. मंठाळसारख्या गावात घरी मराठी, बाजारात कन्नड किंवा दखनी आणि अर्जात आणखी तिसरीच, असा प्रकार झाला. निलंग्याहून दत्तजयंतीला निघालेली बैलगाडी तर त्या वर्षीपासून परराज्यात जाऊ लागली. ती थांबली मात्र नाही.

सीमेवरच्या भजनी मंडळांना कोणत्याच दरबारचा आश्रय नसतो. वर्गणी काढून पखवाज घ्यावयाचा, पुडी फाटली तर पुन्हा वर्गणी. एक पेटी, आठ-दहा टाळ आणि दिवसभर शेतात राबून आलेले गळे, एवढेच त्यांचे भांडवल. मराठी अभंग संपला की कन्नड पद, आणि कोणी आग्रह केला तर दखनीतले एखादे. यांची नावे कोणत्याही ‘संगीतरत्नाकरा’त येणार नाहीत. मार्गशीर्ष लागला की ती माणसे माळ्यावरचा पखवाज खाली काढतात, कणीक भिजवून त्याच्या धुमेला लावतात आणि सूर जुळतो का ते पाहतात.