तालमीची माती आणि पायांतले जोडे

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या वाटेवरील अनसिंगची जमीन ज्यानें पावसाळ्यांत तुडविली असेल, त्यास पादत्राणाचें पहिलें तत्त्व कोणीं सांगावयास नको. वऱ्हाडची ती काळी कसदार माती ओली झाली कीं जोड्यास लगदा होऊन चिकटते, आणि दहा पावलांत एकेक पाय शेरभर जड होतो. शहाणा माणूस अशा वेळीं वहाणा काढून हातांत घेतो. पायांत काय घालावें हें पायाखालची भूमि ठरविते. व्यायामाच्या जोड्यांचा इतिहासही याच न्यायानें चालला आहे.

आपल्या तालमींत जोड्याला उंबरठ्याच्या आंत मज्जाव. समोर मारुतीची मूर्ति, हें एक कारण; दुसरें अधिक व्यावहारिक. हौद्यांतली तांबडी माती तेल, ताक, हळद घालून मुरविलेली आणि खणून भुसभुशीत केलेली असे. आपटणाऱ्या देहाचा आघात ती स्वतःच्या पोटांत घेई, आणि पायाचीं बोटें तींत रुतवून पैलवान जोर धरी. मल्लखांबावर तर पायाची पकड हीच विद्या. तेथें जोड्याचें काय काम?

१९१४ सालीं वैद्य बंधूंनीं अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें. या मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगीं देशी व्यायामाचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. त्याच बर्लिनमध्यें अमेरिकेच्या जेसी ओवेन्सनें चार सुवर्णपदकें मिळविलीं, आणि त्याच्या पायांत डास्लर या जर्मन कारागिरांचे खिळ्यांचे जोडे होते. धांवपट्टींत रुतणारे ते खिळे म्हणजे मल्लाच्या बोटांचेंच काम लोखंडाकडे सोंपविणें होय! पुढें कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनला सहावे आले. मातीवर वाढलेल्या मल्लास तेथें गादीवर लढावें लागलें. १९५२ सालीं हेलसिंकीस त्यांनीं कांस्यपदक जिंकलें.

आजच्या व्यायामशाळेंत हौदा नाहीं. सिमेंटच्या फरशीवर रबराचा थर, आणि त्यावर विश्रांति न घेतां वजन उचलणें, उड्या मारणें, आडवें झेपावणें असा झपाटा चालतो. आघात सोसण्याचें मातीचें काम आतां जोड्याकडे आलें. आणि येथेंच तरुण फसतात. धांवण्याच्या जोड्याची टाच मऊ व उंच असते, कारण धांवणारा सरळ पुढें जातो. तीच टाच खांद्यावर भार घेतल्यावर दबते आणि घोटा डळमळतो. वजन उचलण्यास कठीण, न दबणारा तळ हवा. आडव्या झेपांस रुंद तळ व घट्ट बाजू हव्यात. दोन जोड्यांची ऐपत नसेल त्यानें सपाट, पातळ तळाचा, चवड्यापाशीं वाकणारा जोडा घ्यावा. पाहावयास संध्याकाळीं जावें. दिवसभरांत पाय थोडे फुगलेले असतात. मोजे घालून, उभें राहून, अंगठ्यापुढें बोटभर जागा आहे कीं नाहीं तें पाहावें. रंगाचा विचार शेवटीं केला तरी चालेल, जरी दुकानांत तोच प्रथम होतो!

माझ्या एका भाच्यानें असेच महागडे, मऊ टाचेचे जोडे घेतले, भारासह बैठका मारतांना घोटा मुरगळला आणि महिनाभर घरीं बसला. आतां तो साधे सपाट कापडी जोडे घालतो. त्यांची किंमत पहिल्यांच्या चौथाईही नव्हती, असें त्याची आई मला दर भेटींत ऐकविते.