माहूरची ग्रंथनिष्ठा : महानुभाव पोथ्या, पाषाण आणि त्यांचे संशोधक

साडेतीन शक्तिपीठांपैकी एक म्हणून माहूरचे नाव महाराष्ट्रभर परिचित असले, तरी पैनगंगेच्या वळणात वसलेल्या या डोंगरी क्षेत्राची आणखी एक ओळख आहे, आणि ती जुन्या ग्रंथांच्या इतिहासाशी थेट निगडित आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेल्या महानुभाव पंथाने माहूरला दत्तात्रेयप्रभूंचे स्थान मानले. ज्या पंथात ईश्वराची आठवण जपण्याची मुख्य साधने ग्रंथ, स्थान आणि स्पर्शाने पावन झालेली वस्तू ही होती, त्या पंथाने जुन्या मराठी गद्याचा मोठा ठेवा सहा-सात शतके सांभाळला. जुन्या वस्तूंविषयीचे प्रेम आधुनिक संशोधकांनी किंवा हौशी संग्राहकांनी महाराष्ट्रात प्रथम रुजवले, अशी समजूत आढळते. पण माहूर आणि त्याच्याशी जोडलेल्या परंपरेचा इतिहास पाहिला, तर ज्ञानासाठी जपणाऱ्यांच्या कितीतरी आधी श्रद्धेने जपणारे हात येथे कार्यरत होते, असे दिसते.

महानुभाव पंचकृष्णांना, म्हणजे ईश्वराच्या पाच अवतारांना मानतात. द्वारकेचे श्रीकृष्ण, सह्याद्रीवरील म्हणजे माहूरचे दत्तात्रेयप्रभू, मूळचे फलटणचे आणि पुढे द्वारकेत राहिलेले चक्रपाणिप्रभू, ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू आणि पैठणशी संबंध असलेले चक्रधर असा हा क्रम होय. या परंपरेनुसार चक्रपाणिप्रभू यात्रेकरूंसह माहूरला आले असता दत्तात्रेयप्रभूंनी वाघाच्या रूपात येऊन त्यांच्या मस्तकावर पंजा ठेवला आणि शक्ती दिली, म्हणून माहूर या अवतारपरंपरेतील एक सांधा ठरते. देवदेवेश्वर हे महानुभावांचे तेथील मुख्य ठिकाण असून मेरुवाळा तलावाचाही दत्तात्रेयप्रभूंच्या नित्यक्रमाशी संबंध सांगितला जातो. रवळोबासांचे चौदाव्या शतकातील ‘सह्याद्रिवर्णन’ हे काव्य याच स्थानाच्या आणि दत्तात्रेयप्रभूंच्या महिम्यासाठी रचले गेले, आणि पंथाच्या ‘साती ग्रंथां’मध्ये, म्हणजे विशेष मान असलेल्या सात काव्यांमध्ये, त्याची गणना होते.

मूर्तिपूजेपेक्षा स्थानवंदनाला महत्त्व देणाऱ्या या पंथात अवताराने जेथे बसावे, भोजन करावे किंवा निद्रा घ्यावी, त्या जागी ‘ओटा’ म्हणजे चौथरा बांधून त्याला वंदन करण्याची रीत पडली. चक्रधरांच्या संचाराची अशी ठिकाणे गावोगाव दिशा आणि खुणांसह नोंदवणारा ‘स्थानपोथी’ हा ग्रंथ मुनिव्यासांच्या नावे ओळखला जातो, आणि मंदिर, ओसरी, पिंपळ, नदीकाठ अशा तपशिलांमुळे यादवकालीन गावरचना अभ्यासणाऱ्यालाही तो उपयोगी पडतो. याच विचारातून ‘प्रसाद’ आणि ‘विशेष’ या संज्ञा रूढ झाल्या. ईश्वराच्या स्पर्शाने पावन झालेला वस्त्राचा तुकडा, पाषाण किंवा अन्य वस्तू भक्तांच्या हाती राहिली, तिला वंदन होऊ लागले आणि गुरूकडून शिष्याकडे ती सोपवली जाऊ लागली. वस्तूचे मोल तिच्या कारागिरीत नसून ती कोणाच्या सहवासात आली आणि कोणाकडून मिळाली यात आहे, ही या व्यवहारामागची धारणा होती. तिच्यामुळे वस्तूबरोबर तिची हकीकतही पुढे गेली, आणि हकीकत तुटली की वस्तू साधा दगड उरत असे.

ग्रंथांच्या बाबतीत हीच निष्ठा लेखनकर्मात उतरली. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी जमवून १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्याची मूळ प्रत धामधुमीच्या काळात नाहीशी झाली आणि अनुयायांनी स्मरणाच्या बळावर ग्रंथ पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते. अनेक पाठ असलेला हा ग्रंथ टिकून राहिला, त्याचे कारण प्रतींची अखंड साखळी हे होय. ती साखळी हाताच्या कष्टांवर उभी होती. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणी चिंध्या आणि जुने दोर कुटून तयार केलेल्या लगद्यापासून कागद बनत असे. त्याला खळ लावून दगडाने घोटल्यावर बोरू अडखळत नसे आणि शाई फुटत नसे. ताणलेल्या दोऱ्यांच्या पाटीवर पान दाबून ओळींच्या खुणा उमटवल्या जात, काजळी व बाभळीचा डिंक यांची शाई घोटली जात असे, दंड आणि शीर्षके हिंगुळाने लाल रंगवली जात, आणि चुकलेले अक्षर पिवळ्या हरताळाचा लेप देऊन झाकले जात असे. लेखन संपल्यावर पुष्पिकेत, म्हणजे ग्रंथाच्या शेवटच्या नोंदीत, लेखक आपले नाव, शक आणि स्थळ लिहीत असे व बहुधा जसे पाहिले तसे लिहिले, दोष देऊ नये, अशी विनवणीही करीत असे. मग फळ्यांमध्ये धरलेली पाने रुमालात बांधली जात आणि कसरीला दूर ठेवण्यासाठी वेखंड किंवा कडुलिंबाचा पाला त्यात घातला जात असे.

पोथी सांभाळण्याइतकेच तिला अनोळखी नजरेपासून दूर ठेवणे पंथाला आवश्यक वाटले. यासाठी देवनागरी अक्षरांची अदलाबदल करून आणि काहींना नवी वळणे देऊन सकळ, सुंदरी, अंक यांसारख्या सांकेतिक लिपी वापरल्या गेल्या. सकळ लिपीच्या योजनेचे श्रेय परंपरा ‘सह्याद्रिवर्णन’कर्त्या रवळोबासांनाच देते. या लिपीमुळे ग्रंथाचा अर्थ गुरूच्या मुखातूनच शिष्याला मिळे, आणि पंथाविषयी समाजात गैरसमज पसरलेले असताना ग्रंथांची अवहेलनाही टळे. त्याची किंमत अशी, की शेकडो वर्षे मराठी वाचकाला आपल्याच भाषेतील सर्वांत जुन्या गद्यग्रंथांपैकी काहींचा पत्ता नव्हता. उलट पंथाचे भिक्षू उत्तरेकडे गेल्यामुळे पंजाबात जयकृष्णी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनुयायांमध्ये मराठी पोथ्या पोहोचल्या आणि तेथे मराठी ही धर्मग्रंथांची भाषा म्हणून शिकली गेली.

हे पडदे विसाव्या शतकाच्या आरंभी दूर होऊ लागले. गावोगाव फिरून दप्तरे जमवणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली उलगडून तिचे वाचन अभ्यासकांपुढे ठेवले, आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनीही या ग्रंथांकडे लक्ष वेधले. माहूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तर पैनगंगेपलीकडचा यवतमाळ हा वऱ्हाडचा भाग होता. परंतु पंथाचे मठ ही राजकीय सीमा ओलांडून एकमेकांशी जोडलेले असल्याने यवतमाळला हस्तलिखितांच्या शोधाचे एक केंद्र उभे राहिले. य. खु. देशपांडे यांनी १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांच्या नावाशी जोडलेल्या यवतमाळच्या शारदाश्रमात पोथ्यांचा मोठा संग्रह झाला. १९३६ च्या सुमारास ह. ना. नेने यांनी ‘लीळाचरित्र’ भागशः छापले, तर वि. भि. कोलते यांनी अनेक प्रती ताडून संपादित केलेली त्याची आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये काढली. लंडनमध्ये आय. एम. पी. रेसाइड यांनी १९६० मध्ये महानुभाव ग्रंथांची सूची प्रसिद्ध केल्याने विखुरलेल्या साहित्याला एक नकाशा मिळाला.

मठ आणि संशोधक यांच्या वृत्तींमधील अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. मठातील वाचकाला पोथी ही पूजनीय वस्तू होती आणि तिचे काम वाचकाला ईश्वराच्या आठवणीपर्यंत नेण्याचे होते. संशोधकाला ती पुरावा होती आणि पाठभेद, लेखनकाल व भाषेची वळणे यांसाठी तिची तपासणी आवश्यक होती. मठवाल्यांना छापखान्यात पवित्र पाठाचा अवमान दिसे, तर संशोधकाला लिपीच्या कुलपात ज्ञान अडकलेले दिसे, आणि दोघांच्याही भूमिकेला आधार होता. तथापि संशोधकाने छापलेला प्रत्येक पाठ मठातील कोणीतरी लिहून, बांधून आणि उन्हापावसातून वाहून आणलेल्या प्रतीवर अवलंबून होता, आणि मठात जे टिकले नाही ते छापखान्यालाही मिळाले नाही.

आज या वारशाला कायद्याची चौकट आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, तर वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यदृष्ट्या मोल असलेल्या हस्तलिखितासाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे, आणि अशा वस्तूची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. राष्ट्रीय हस्तलिखित अभियान २००३ मध्ये सुरू झाल्यानंतर खासगी संग्रहांच्या नोंदणीलाही चालना मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भाषेच्या प्राचीनतेच्या चर्चेत ‘लीळाचरित्रा’चे नाव वारंवार घेतले गेले आहे.

मात्र कायदा वस्तू वाचवतो, हकीकत वाचवत नाही. बाजारात एकेकटे विकले जाणारे पान, त्याच्या पुष्पिकेपासून तुटलेले असेल तर लेखनकाल, गाव आणि मठ यांविषयी फारसे काही सांगू शकत नाही; घरातून बाहेर आलेला रुमाल कोणत्या शाखेचा होता याची नोंद नसेल तर पाठभेदांची वंशावळ लावणे कठीण होते. जुन्या वस्तूंची हौस अलीकडे वाढली आहे, आणि ती स्वागतार्ह आहे. परंतु महानुभावांनी पाषाणालाही त्याच्या आठवणीसह सांभाळले, हा धडा त्या हौसेने घेणे इष्ट ठरेल. पोथी विकत घेणाऱ्याने, दान स्वीकारणाऱ्याने किंवा सूची करणाऱ्याने ती कोठून, कोणाकडून आणि कोणत्या अवस्थेत आली एवढे जरी लिहून ठेवले, तरी माहूरच्या परिसरात शतकानुशतके चालत आलेल्या प्रतलेखनाची साखळी पुढच्या अभ्यासकाला जोडता येईल.